कायद्याचे प्राध्यापक डॉ. आंबेडकर : पाणी, वीज आणि करार

गेल्या वर्षी कोकणातील एका अभ्यासवर्गात एका तरुण वकील कार्यकर्त्याने मला विचारले, “सर, बाबासाहेब कायद्याचे प्राध्यापक होते हे आम्हांला ठाऊक आहे. पण ते शिकवीत काय? त्यांचा हातखंडा कोणत्या कायद्यात होता?” मी चटकन ‘राज्यघटना’ असे उत्तर दिले आणि पुढल्या प्रश्नाकडे वळलो. परतीच्या एस.टी.त ते उत्तर मला टोचू लागले. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविलेल्या माणसाने इतके आळशी उत्तर द्यावे, हे काही बरे नव्हे. त्या प्रश्नाचे थोडे अधिक प्रामाणिक उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

डॉ. आंबेडकरांच्या अध्यापनाचा आरंभ अर्थशास्त्राने झाला. 1918 ते 1920 या काळात ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते. 1923 साली विलायतेहून बॅरिस्टर होऊन परतल्यावर वकिली सुरू झाली. परंतु अस्पृश्य बॅरिस्टराकडे पक्षकार सहजासहजी येत नसत. प्रपंच चालविण्यासाठी 1925 ते 1928 या काळात त्यांनी बाटलीबॉय यांच्या हिशेबशास्त्राच्या शिकवणी संस्थेत व्यापारी कायदा शिकविला. पुढे 1928 साली ते सरकारी लॉ कॉलेजात प्राध्यापक झाले आणि 1935 ते 1938 ही तीन वर्षे त्याच कॉलेजाचे प्राचार्य होते. व्यापारी कायद्याच्या कोणत्याही अभ्यासक्रमाचा पाया म्हणजे 1872 चा करार कायदा. म्हणजे घटनेचा मसुदा हाती येण्याच्या कितीतरी आधी हा माणूस हिशेबनिसांच्या वर्गाला करार म्हणजे काय, हे समजावून देत होता.

हा तपशील चरित्रकार एका ओळीत उरकतात. माझ्या मते तोच कळीचा आहे. करार कायद्याच्या कलम 14 मध्ये ‘मुक्त संमती’ची व्याख्या आहे. जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, फसवणूक, दिशाभूल आणि चूक हे पाच दोष नसतील, तर संमती मुक्त समजावी, असे ते कलम सांगते. या पाच दोषांच्या यादीत भूक नाही. तहान नाही. गावच्या पाटलाचे भय नाही आणि जातही नाही. दुष्काळात पोराबाळांच्या तोंडात घास पडावा म्हणून कोऱ्या कागदावर आंगठा उठविणारा मजूर या कायद्याच्या दृष्टीने ‘मुक्त’ असतो. डॉ. आंबेडकरांची कायद्यातील सारी कारकीर्द या एका उणिवेशी चाललेली झुंज आहे, असे मला वाटते. पाणी, वीज आणि करार या वरकरणी अगदी निराळ्या भासणाऱ्या तीन क्षेत्रांत त्यांनी काम केले. पण तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता. समोरच्याला ‘नाही’ म्हणण्याचे सामर्थ्य दुबळ्या माणसाजवळ कोठून यावे?

पाण्यापासून आरंभ करू. महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपण 20 मार्च 1927 या तारखेने ओळखतो. त्या सत्याग्रहाला कायद्याची एक बैठक होती, ती मात्र आपल्या भाषणांतून गळून जाते. सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 च्या ऑगस्टमध्ये संमत केला होता. सरकारी खर्चाने बांधलेली वा चालविलेली पाणवठ्याची स्थाने, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने त्यानुसार आपले तळे खुले केल्याचा ठरावही केला. म्हणजे कागदावर हक्क होता. ओंजळीत पाणी नव्हते. सत्याग्रहानंतर नगरपालिकेने ऑगस्ट 1927 मध्ये आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात काही सवर्ण मंडळी दिवाणी न्यायालयात गेली. तळ्याचा उपभोग केवळ स्पृश्यांनी घेण्याची अनादि काळापासूनची वहिवाट आहे, असा त्यांचा दावा होता. न्यायालयाने तात्पुरता मनाईहुकूम दिला, म्हणून डिसेंबरचा दुसरा सत्याग्रह तळ्यावर न नेता स्थगित करावा लागला.

त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे तो दावा चालला. महाडचे दिवाणी न्यायालय, मग ठाण्याचे अपील, मग मुंबई उच्च न्यायालय. 17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड आणि वाडिया यांच्या खंडपीठाने वादींचे अपील फेटाळले. अनादि वहिवाट सिद्ध झालेली नाही, एवढ्यावर तो निकाल दिला गेला. ती वहिवाट सिद्ध झाली असती तर ती न्याय्य की अन्याय्य, या प्रश्नात शिरण्याची न्यायालयाला गरज भासली नाही. कार्यकर्त्यांनी हे बारकाईने ध्यानात घ्यावे. तळ्याचे पाणी मिळाले ते समतेच्या तत्त्वावर नव्हे, पुराव्याच्या त्रुटीवर. उद्या दुसऱ्या एखाद्या गावात वादींनी जुनी कागदपत्रे हजर केली असती, तर काय झाले असते? या निकालातील ही पोकळी डॉ. आंबेडकरांसारख्या कसलेल्या कायदेपंडिताच्या नजरेतून सुटली असेल, हे संभवत नाही. घटनेच्या कलम 15 मधील दुसरा खंड वाचा. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, सार्वजनिक राबत्याच्या जागा यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून कोणालाही मज्जाव करता येणार नाही. त्या वाक्यातला ‘तलाव’ हा शब्द वाचताना मला महाडच दिसते. वहिवाट सिद्ध होवो वा न होवो, ती येथे निरर्थक झाली.

आता कराराकडे वळू. सर हेन्री मेन यांनी 1861 साली मांडलेला एक सिद्धांत कायद्याच्या प्रत्येक वर्गात शिकविला जातो. समाजाची प्रगती म्हणजे जन्मसिद्ध दर्जाकडून कराराकडे झालेली वाटचाल, असा तो सिद्धांत आहे. डॉ. आंबेडकर या वाटेने प्रथम गेले खरे. 1928 साली त्यांनी मुंबई कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचे विधेयक मांडले. 1874 च्या वतन कायद्याखाली महाराला रात्रंदिवस सरकारची आणि गावाची कामे करावी लागत. मोबदला तुटपुंजा, कामाला वेळ नाही, आणि एकाच्या नावचे वतन साऱ्या कुटुंबाला बांधून ठेवी. हा जन्माने गळ्यात पडलेला दोर होता. तो तोडून महाराला स्वतंत्र शेतकरी वा मजूर म्हणून उभे राहू द्यावे, ही मागणी मेनसाहेबांच्या सिद्धांतात चपखल बसते. ते विधेयक पुढे मागे घ्यावे लागले, हा भाग निराळा.

परंतु डॉ. आंबेडकर तेथे थांबले नाहीत, आणि येथेच ते उदारमतवाद्यांपासून वेगळे होतात. कोकणातील खोतीमध्ये करार होता. खोत कुळाकडून कबुलायत लिहून घेई. कुळ आपल्या हाताने, आपल्या ‘संमतीने’ स्वतःची नागवणूक मान्य करी. अलिबागजवळ चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 साली शेतकऱ्यांनी संप केला आणि तो सहा वर्षे टिकविला, तो या व्यवस्थेविरुद्ध होता. 17 सप्टेंबर 1937 रोजी डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी 1938 मध्ये शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. ज्या करारात एका बाजूला जमीन आहे आणि दुसऱ्या बाजूला केवळ पोट आहे, तो करार दुरुस्त होत नसतो, मोडावा लागतो, हा त्या विधेयकाचा अर्थ होता.

त्याच वर्षी या विचाराची खरी कसोटी लागली. मुंबई सरकारने औद्योगिक तंट्यांचे विधेयक आणले. सक्तीच्या समेटाची प्रक्रिया पुरी होण्यापूर्वी केलेला संप बेकायदा आणि शिक्षेस पात्र, असे त्याचे सूत्र होते. स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून सप्टेंबर 1938 मध्ये डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात जे भाषण केले, ते आपल्या प्रत्येक कामगार कार्यकर्त्याने वाचले पाहिजे. त्यात घोषणा नाहीत; कराराच्या कायद्याचा एक धडा आहे. संप म्हणजे काय? नोकरीच्या कराराचा भंग. कराराचा भंग ही दिवाणी बाब आहे. त्याची भरपाई मागता येते. पण नोकरीचा करार मोडणे हा गुन्हा ठरविला, तर त्याचा अर्थ माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध राबविणे असा होतो, आणि त्यालाच गुलामगिरी म्हणतात. कामगाराने करार मोडला तर त्याला तुरुंगात धाडणारा 1859 चा कायदा ब्रिटिशांनीच 1925 साली रद्द करविला होता, ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे या युक्तिवादाची धार कळते. परकीय सरकारने सोडलेले हत्यार लोकनियुक्त सरकारने पुन्हा उचलावे काय? 7 नोव्हेंबर 1938 च्या एक दिवसाच्या संपात स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले. विधेयक मात्र संमत झालेच.

वर्गात व्यापारी कायदा शिकविणाऱ्याने करारातूनच कामगाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा काढला. ‘संपाचा हक्क’ हे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे, हा त्यांचा निष्कर्ष होता. पण नुसता हक्क पुरत नाही, हेही ते जाणून होते. ज्याच्या चुलीत उद्या विस्तव नाही, तो कितीसा संप करणार?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी त्यांच्या कारकीर्दीचा तिसरा भाग पाहावा लागतो. जुलै 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे पाटबंधारे आणि वीज हे विषयही होते. 1943 मध्ये दामोदर नदीला महापूर आला. पुरापासून बचाव एवढाच मर्यादित हेतू न ठेवता पूरनियंत्रण, सिंचन, वीज आणि जलवाहतूक यांचा एकत्र विचार करणारी योजना अमेरिकेच्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर आखण्यास त्यांनी चालना दिली. 1944 मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ आणि 1945 मध्ये केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौवहन आयोग स्थापन झाला. नोव्हेंबर 1945 मध्ये कटकच्या परिषदेत ओरिसाच्या नद्यांविषयी बोलताना त्यांनी जो विचार मांडला, तो कोणाही दुष्काळी भागातील माणसाला पटेल. जास्त पाणी हे संकट मानून समुद्राला लावून टाकू नका, ते साठवा. माणूस पाण्याच्या अतिरेकापेक्षा पाण्याच्या अभावाने अधिक पोळतो.

विजेविषयीची त्यांची भूमिका अर्थशास्त्रज्ञाची होती. शेतीवर जगणाऱ्यांचा भार कमी झाल्याखेरीज दारिद्र्याचे चक्र थांबणार नाही. तो भार कमी व्हायचा तर कारखानदारी हवी. आणि कारखानदारीसाठी मुबलक व स्वस्त वीज हवी. म्हणून वीजनिर्मिती खाजगी मालकीची असावी की सरकारी, हा प्रश्न त्यांनी 1943 मध्येच धोरण समितीपुढे ठेवला. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्याचे नि:संदिग्ध उत्तर आहे. मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि हे कलम घटनेतच घालावे, म्हणजे बहुमत बदलले तरी ते बदलणार नाही. राज्याने हात आखडता घेतला की स्वातंत्र्य आपोआप नांदते, या समजुतीचा त्यांनी तेथे समाचार घेतला आहे. तसे स्वातंत्र्य जमीनदाराला खंड वाढविण्याचे आणि भांडवलदाराला कामाचे तास वाढविण्याचे स्वातंत्र्य असते. बेकाराला नोकरीसाठी आपले मूलभूत हक्क गहाण टाकण्यावाचून गत्यंतर नसते.

तिन्ही धागे येथे एकत्र येतात. ज्याच्या शेताला पाणी आहे, ज्याला शेतीबाहेर काम मिळण्याची शक्यता आहे, तोच वाईट करारावर सही करण्यास नकार देऊ शकतो. कराराचे स्वातंत्र्य करार कायद्यात नसते. ते कालव्यात आणि वीजकेंद्रात असते.

या कारकीर्दीचा गौरव करताना तिच्या मर्यादा झाकणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मोठ्या धरणांवर आणि केंद्रीय यंत्रणांवर त्यांचा जो विश्वास होता, तो पुढील अनुभवाने पुरता खरा ठरला नाही. 1948 च्या कायद्याने दामोदर खोरे महामंडळ जन्मले, पण मूळ आराखड्यातील सगळी धरणे उभी राहिली नाहीत; 1953 ते 1959 या काळात तिलैया, कोनार, मैथन आणि पंचेत ही चार झाली. त्यांच्या पाण्याखाली गेलेल्या गावांत आदिवासींची गावे मोठ्या संख्येने होती. ज्याला नकाराचे सामर्थ्य द्यायचे, त्याचेच घर त्याला न विचारता बुडवायचे, ही विसंगती त्या पिढीने नीट पाहिली नाही. पाणी साठविणे आणि पाणी वाटणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात या दुसऱ्या प्रश्नाला हात घातला तो विलासराव साळुंखे यांच्या पाणी पंचायतीने. 1972 च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरविता माणशी ठरविण्यात आला, भूमिहीनालाही वाटा देण्यात आला आणि उसाला मज्जाव करण्यात आला. चवदार तळ्याच्या लढ्याचे हे पुढचे पाऊल होते. तेथे पाण्याला शिवण्याचा हक्क होता, येथे पाण्यातल्या वाट्याचा.

संविधान सभेत सप्टेंबर 1949 मध्ये आंतरराज्य नदीतंट्यांचे जे कलम त्यांनी मांडले, ते आजचे कलम 262. तंट्यांची पद्धत घटनेत जखडून न ठेवता संसदेवर सोपवावी, असे त्याचे स्वरूप आहे. त्याखाली 1956 चा पाणीतंटा कायदा झाला आणि बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाण्यातील 560 टी.एम.सी. महाराष्ट्राला दिले. पण त्याच वर्षीच्या नदी मंडळ कायद्याखाली, ज्यात राज्यांनी एकत्र बसून खोऱ्याचे नियोजन करावयाचे होते, एकही मंडळ आजवर अस्तित्वात आलेले नाही. भांडणाची यंत्रणा चालली. सहकार्याची निजून राहिली.

आणि आजचे चित्र? महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा 2005 साली झाला, तेव्हा पाण्याच्या हक्काची निश्चिती एका स्वतंत्र संस्थेकडून होईल, अशी आशा होती. 2011 च्या दुरुस्तीने शेती, उद्योग आणि पिण्याचे पाणी यांतील वाटपाचा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला आणि उद्योगांना पाणी वळविण्याच्या मागील निर्णयांना संरक्षण मिळाले. विजेच्या बाबतीत दाभोळचा धडा पुरेसा आहे. डिसेंबर 1993 च्या करारात वीज उचलली नाही तरी स्थिर आकार भरण्याचे बंधन राज्य वीज मंडळाने पत्करले होते आणि दराची सांगड डॉलरशी होती. 2001 साली मंडळाने ती वीज घेणे थांबविले, तोवर मंडळाचे कंबरडे मोडले होते. तेथे कूळ कोण होते आणि खोत कोण, हे निराळे सांगायला नको. ज्या कबुलायतीवर राज्यानेच आंगठा उठविला, तिचा बोजा अखेर ग्राहकाच्या बिलावर आला. कामगारांच्या बाबतीत 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या संहिता अमलात आल्या आहेत. चौदा दिवसांच्या नोटिशीशिवाय कोणत्याही आस्थापनेत संप करता येत नाही. पूर्वी हे बंधन केवळ लोकोपयोगी सेवांना होते. बेकायदा संपाला कैदेची तरतूद कायमच आहे. 1938 चे ते भाषण जुने झालेले नाही.

या साऱ्याचे एकत्रित रूप पाहायचे असेल, तर दसऱ्याच्या सुमारास बीड जिल्ह्यात जावे. ज्या गावात पाणी नाही, तेथील नवरा-बायको मुकादमाकडून उचल घेतात आणि एक ‘कोयता’ म्हणून करारबद्ध होतात. मग जेथे पाणी आहे, तेथे जाऊन त्या पाण्यावर पोसलेला ऊस तोडतात. उचल फिटेपर्यंत काम सोडता येत नाही. जबरदस्ती नाही, फसवणूक नाही, कलम 14 च्या यादीतील एकही दोष दाखविता येणार नाही. 1982 साली आशियाई स्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भुकेपोटी किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम हे कलम 23 खालील वेठबिगारच होय, असे म्हटले. 1872 च्या यादीत नसलेली भूक अशी घटनेच्या दारातून न्यायालयात आली. ते दार कोणी बसविले, हे ध्यानात ठेवावे. आणि ते ठोठावण्याचे काम अजून बाकी आहे, हेही.

आपला पक्ष आणि आपल्या संघटना यांनी बाबासाहेबांच्या हयातीत त्यांच्या या कामाकडे पुरेसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे. आम्ही वर्ग पाहिला, त्यांनी पाणवठा पाहिला. दोन्ही एकच आहेत, हे समजायला आम्हांला फार वर्षे लागली. जयंतीच्या भाषणांनी ती भरपाई व्हायची नाही. प्रत्येक तालुक्यातील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील तीन गोष्टी लिहून काढाव्यात. धरणाचे पाणी कोणाला किती मिळते, विजेचा करार कोणी कोणाशी केला आहे, आणि मजुराच्या करारावर सही कोणत्या महिन्यात होते. ही तीन उत्तरे शेजारी शेजारी ठेवली म्हणजे लढ्याची जागा आपोआप दिसेल.

त्या तरुण मित्राला आता मी असे सांगेन : बाबासाहेबांचा हातखंडा होता तो नकाराच्या कायद्यात. तो विषय अजून कोणत्याही विद्यापीठात शिकविला जात नाही. तो आपल्यालाच शिकवावा लागेल.